दुभाष्याला रजा

(विनोबा भावे यांच्या स्मृतीनिमित्त बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)

पहिली पाळी सुटली की पीण्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर पाच-सहा भाषा एकाच वेळी ऐकू येतात. टपरीवाल्याशी कन्नड, शेजारच्या लेथवाल्याशी तमिळ किंवा तेलुगू, ठेकेदाराशी हिंदी, आणि गावाकडच्या फोनवर ओडिया, असमिया नाहीतर बेळगाव-कोल्हापूरची मराठी. ड्रॉइंग इंग्रजीत असते. यंत्र बाहेरून आलेले असेल तर त्याच्या जाडजूड पुस्तिकेत जर्मन किंवा जपानीही असते. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून किंवा बेळगावच्या उद्यमबागेतून आलेला टर्नर वर्षभरात कामापुरते कन्नड बोलू लागतो. त्यासाठी तो कुठल्या वर्गात नाव घालत नाही.

जर्मन आणि जपानीसाठी मात्र वर्ग लागतो, फी लागते आणि परीक्षा असते. या परिसराला परदेशी भाषा नवीन नाहीत. शेजारच्या जलहळ्ळीत १९५३ मध्ये एचएमटी उभी राहिली ती स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या साहाय्याने. १९५४ च्या भारत इलेक्ट्रॉनिक्समागे सीएसएफ ही फ्रेंच कंपनी होती. एचएमटीची घड्याळे जपानच्या सिटिझनच्या तंत्राने सुरू झाली. तेव्हा परदेशी भाषा यंत्राबरोबर इथे येत असे. आता माणूस भाषा शिकून यंत्राकडे जातो. जपानने एप्रिल २०१९ पासून परदेशी कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, जर्मनीचा कुशल मनुष्यबळाचा नवा कायदा मार्च २०२० पासून लागू झाला, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कामगार पाठवण्याचा करार केला. त्यामुळे ए-वन, बी-टू, एन-फोर ही भाषा-परीक्षांच्या पायऱ्यांची नावे आता पीण्यातल्या घराघरात ऐकू येतात.

पोटासाठी भाषा शिकणे हा कमी दर्जाचा व्यवहार आहे असे ज्याला वाटते, त्याने इथे एक रात्रपाळी करून पाहावी. आणि हा व्यवहार बंगळुरूत जुनाच आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांचा दरबार याच शहरात भरत असे. तिथे जयराम पिंड्ये नावाचा कवी आला आणि त्याने राजापुढे बारा नारळ ठेवले. बाराच का, असे विचारल्यावर त्याने सांगितले की आपण बारा भाषांत कविता करतो. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाड्यांनी संपादून १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वेगवेगळ्या भाषांतल्या कवींची शहाजीराजांपुढे रांगच लागलेली दिसते. आजच्या हिशेबाने ते बारा नारळ म्हणजे नोकरीचा अर्जच. प्रत्येक नारळामागे एक प्रमाणपत्र!

आजचा विषय मात्र भाषा शिकण्याच्या दुसऱ्या कारणाचा आहे. आपल्याकडे काही माणसे नोकरीसाठी नव्हे, प्रवासासाठीही नव्हे, तर जगावे कसे या प्रश्नावर कुणीतरी कुठेतरी काय म्हटले आहे ते स्वतः वाचावे म्हणून परक्या भाषांच्या दारात गेली. पीण्यातल्या माणसाला मधल्या माणसाची किंमत ठाऊक असते. ऑर्डर देणारा आणि जॉब करणारा यांच्यामध्ये उभा असलेला आपला वाटा काढतो, आणि कधीकधी निरोपही बदलतो. धर्म आणि तत्त्वज्ञान या क्षेत्रांत तर असे मधले लोक पिढ्यानपिढ्या बसलेले असतात. काही मराठी माणसांनी त्यांना रजा दिली.

टिळकांचे उदाहरण सगळ्यांना अर्धे ठाऊक असते. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य शिसपेन्सिलीने लिहून काढले, हे शाळेत शिकवतात. त्याच तुरुंगात, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी पुस्तकांवरून जर्मन आणि फ्रेंच वाचण्यापुरत्या शिकून घेतल्या, हे सहसा कुणी सांगत नाही. युरोपातले विद्वान गीतेबद्दल आणि नीतिशास्त्राबद्दल काय म्हणतात ते केवळ इंग्रजीच्या खिडकीतून पाहणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. उच्चार कसे होते, देव जाणे. तिथे ऐकायला होते कोण?

धर्मानंद कोसंबींची गोष्ट याहून लांबची आणि अवघड. गोव्यातल्या साखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ ला त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम मराठीपुरते. ‘बालबोध’ मासिकात बुद्धाचे एक छोटे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांचे मन घरच्या नारळाच्या बागेतून उठले. बुद्ध नेमके काय म्हणाला हे त्यांना हवे होते, आणि ते मराठीत जवळपास नव्हतेच. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात डॉ. भांडारकरांना भेटून ते काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. काशीच्या पंडितांकडे व्याकरण होते, बुद्ध नव्हता. म्हणून ते पायपीट करत नेपाळात गेले, तिथला बौद्ध धर्म पाहून निराश झाले, आणि १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांसमोर जाऊन बसले. तिथे त्यांना पाली मिळाली. पुढे ते ब्रह्मदेशातही गेले. पालीची स्वतःची अशी लिपी नाही; सिंहलात ती सिंहली अक्षरांत आणि ब्रह्मदेशात बर्मी अक्षरांत वाचावी लागते. म्हणजे एका पुस्तकापर्यंत पोहोचण्यासाठी या माणसाला भाषेबरोबर अक्षरेही पुन्हा गिरवावी लागली.

पुढचा भाग कादंबरीत घातला तर कुणी विश्वास ठेवणार नाही. अमेरिकेत हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अभ्यासकाने बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातल्या ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते. ते अर्धवट टाकून १८९९ मध्येच तो वारला. ते काम पुरे करण्यासाठी हार्वर्ड विद्यापीठाने १९१० मध्ये बोलावून घेतले ते या, कुठलीही पदवी नसलेल्या गोवेकराला. तिथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून त्यांचे बिनसले. ग्रंथ निघाला १९५० मध्ये, कोसंबी गेल्यावर तीन वर्षांनी. मधल्या काळात कोसंबींनी फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली, रशियन शिकून घेतली, आणि १९२९ मध्ये लेनिनग्राडला जाऊन अध्यापन केले. बुद्धाच्या मागे निघालेला माणूस वाटेत मार्क्सलाही भेटून आला.

या गोष्टीत एक कोपरा नेहमी अंधारात राहतो. कोसंबी घराबाहेर पडले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. ज्ञानासाठी घर सोडणाऱ्याचे बिल बहुतेक वेळा घरातलेच कुणीतरी भरते, आणि त्या व्यक्तीच्या नावाने व्याख्यानमाला होत नाहीत. ‘निवेदन’ या आत्मकथनात कोसंबी स्वतःविषयी पुष्कळ मोकळेपणाने लिहितात. बाळाबाईंचे ‘निवेदन’ मात्र कुणी लिहून घेतले नाही.

बायकांच्या बाजूने हीच वाट पंडिता रमाबाईंनी चालून दाखवली. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, याच कर्नाटकातल्या गंगामुळाच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना शास्त्र्यांचा रोष पत्करावा लागला होता. आईने मुलीला पुराणे तोंडपाठ करून दिली. मराठी, कन्नड, हिंदी, बंगाली या भाषा आयुष्यभराच्या भटकंतीत येत गेल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटून दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याची मात्र त्यांची तयारी नव्हती. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की हे स्पष्ट दिसते. श्रद्धा कशावर ठेवायची हे मी वाचून ठरवीन, हा त्या पत्रांचा सूर आहे.

तो हट्ट त्यांनी शेवटपर्यंत निभावला. केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनचा सगळा व्याप, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, विहिरी, शेती, छापखाना, हे सांभाळत उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबल मुळातून मराठीत आणायला बसल्या. आधीचे मराठी बायबल साध्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. खिळे जुळवायला, छपाईला मुक्तीतल्याच मुली होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. त्या मराठीची चव सगळ्यांना रुचेल असे नाही, वाक्ये कधीकधी खडबडीत आहेत. पण एका मराठी बाईने दोन प्राचीन भाषा शिकून पाद्री, शास्त्री आणि बायबल सोसायटी या तिघांनाही बाजूला सारून एकटीने केलेले ते काम आहे.

आता ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांच्याकडे. विनोबांचे शहरातले ठिकाण इथून फार लांब नाही. त्यांनी देशभरात स्थापलेल्या सहा आश्रमांपैकी एक, वल्लभ निकेतन, बंगळुरूच्या कुमारा पार्कात आहे. मेट्रोच्या ग्रीन लाइनने संपिगे रोडला उतरून रिक्षा केली की झाले. १९५७ च्या भूदान पदयात्रेत, कर्नाटकात असतानाच, त्यांनी ‘जय जगत्’ ही घोषणा दिली. त्याच सप्टेंबरात म्हैसूरजवळच्या येलवाळला ग्रामदानावर सर्वपक्षीय परिषद झाली आणि पंडित नेहरूही तिला आले होते.

विनोबांच्या भाषाशिक्षणाची सुरुवात गमतीची आहे. बडोद्याच्या शाळेत वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्यांनी संस्कृतऐवजी फ्रेंच घेतले. गागोद्यासारख्या कोकणातल्या खेड्यात जन्मलेला हा मुलगा संस्कृतच्या आधी फ्रेंच शिकला आणि व्हिक्टर ह्यूगो मुळातून वाचू लागला. संस्कृत नंतर, स्वतःच्या ओढीने. आईला गीता ऐकायची होती, पण पुराणिकाचे संस्कृत तिला कळेना; मुलाने आणून दिलेले मराठी भाषांतरही जड वाटले. मग तूच का करत नाहीस, असे ती म्हणाली. १९१८ मध्ये ती गेली. विनोबांनी ‘गीताई’ ७ ऑक्टोबर १९३० ला लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरी केली. पुढल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात त्यांनी दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून आज आपल्या हातात आहेत.

१९४२ मध्ये वेल्लोरच्या तुरुंगात गेल्यावर त्यांनी सोबतच्या कैद्यांकडून तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा एकदम सुरू केल्या. शहाणा मास्तर असे कधीच करू देणार नाही. विनोबांना मात्र चार बहिणी शेजारी शेजारी बसवून त्यांचे चेहरे ताडून पाहायचे होते. आणि भाषा शिकण्याची त्यांची रीत एकच होती: त्या लोकांच्या जिभेवर असलेले, त्यांच्या जगण्याला वळण देणारे एक पुस्तक घ्यायचे आणि तेच अंकलिपी म्हणून वापरायचे. पंजाबीसाठी जपुजी, असमियासाठी माधवदेवांचा नामघोषा, ओडियासाठी जगन्नाथदासांचे भागवत, अरबीसाठी कुराण. पदयात्रेत परदेशी पाहुणे सोबत आले तर त्यांच्याकडून जपानीचे, जर्मनचे धडे चालता चालता. टिबोर सेकेली या जगप्रवाशाकडून त्यांनी एस्परांतोही अशीच, वाटेवर, शिकून घेतली.

नुसते कौतुक करून विनोबांना निरोप देणे बरे नव्हे. दोन गोष्टी खटकतात.

पहिली लिपीची. सगळ्या भारतीय भाषा नागरीतही लिहिल्या जाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. ‘नागरीच’ असे त्यांनी कधी म्हटले नाही, आणि कन्नड लिपीचे कौतुक करताना तिला लिपींची राणी म्हटल्याचे इथले लोक अजून अभिमानाने सांगतात. तरीही दक्षिणेत तो विचार रुजला नाही, आणि बंगळुरूत राहणाऱ्याला त्याचे नवल वाटू नये. लिपी शिकण्याचे कष्ट वाचवणे हा पाहुण्याचा विचार आहे. घरच्याला आपल्या अक्षरांत गैरसोय दिसत नसते.

दुसरी अधिक खोलवरची. विनोबांनी प्रत्येक धर्मग्रंथ मुळातून वाचला आणि मग त्याचे सार काढले. कुराण-सार, ख्रिस्तधर्म-सार, नामघोषा-सार. धम्मपदाच्या गाथांचीही त्यांनी नव्याने मांडणी केली. म्हणजे ज्याने मधल्या माणसाला रजा दिली तो स्वतः त्या खुर्चीवर येऊन बसला. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे आता तो ठरवणार. कुराण-सार १९६२ मध्ये निघण्याच्या सुमारास पाकिस्तानातल्या वृत्तपत्रांनी त्यावर झोड उठवली ती याच कारणाने. त्या टीकेत राजकारण बरेच होते, पण प्रश्न खोटा नव्हता. कोसंबींच्या मराठी पुस्तकांतून बुद्ध भेटतो तेव्हा तोही कोसंबींचा बुद्ध असतो. विनोबांच्या बाजूने इतके म्हणता येते की त्यांनी आपली निवड लपवली नाही. मूळ ग्रंथ कुठे आहे ते दाखवले, आणि तिथवर जायचे तर रोज थोडा वेळ काढा, असेही सांगितले.

रोज थोडा वेळ: इथेच पीण्यातला श्रोता हसणार. टिळकांना मंडाले मिळाले, विनोबांना धुळे आणि वेल्लोर. मराठी माणसाच्या भाषाशिक्षणात इंग्रज सरकारच्या तुरुंगांचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायला हवे. बारा तासांच्या पाळीनंतर गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलला अडकलेल्या बसमध्ये उभे असणाऱ्याला नामघोषा कुठून सुचणार? आणि घरी जाऊन भाकऱ्या टाकणारीला तर बसमध्ये मिळतो तेवढा एकांतही मिळत नाही.

पण या ठिकाणाला एक सोय आहे आणि ती जर्मन-जपानीच्याही आधीची आहे. कामापुरते कन्नड आलेल्या मराठी माणसाने आणखी थोडे पुढे जाऊन अक्षरे शिकली, तर बाराव्या शतकातल्या वचनकारांशी त्याची गाठ पडते. त्यांतले बसवण्णा मंत्री होते, पण त्यांच्याभोवती जमलेली माणसे हातांनी काम करणारी होती. मडिवाळ माचय्या परीट, अंबिगर चौडय्या नावाडी, नुलिय चंदय्या दोर वळणारा. ते जगण्याविषयी बोलतात ते कामावरून उठून नव्हे, कामात असताना. वचने छोटी असतात, एक वचन बसच्या दोन थांब्यांत वाचून होते. आयदक्की लक्कम्माचा नवरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचा. एकदा त्याने रोजच्यापेक्षा जास्त आणले तेव्हा तिने त्याला जादा तांदूळ जिथून आणले तिथे टाकून यायला लावले. ओव्हरटाइमच्या जमान्यात ही बाई शेजारी म्हणून अवघडच, पण ओळख करून घेण्याजोगी. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडमध्ये लिहीत. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना कन्नडसाठी मिळाले. जमखंडीचे गुरुदेव रा. द. रानडे ग्रीक तत्त्वज्ञांवर लिहीत आणि कन्नड संतांवरही. म्हणजे ही वाट पडलेली आहे.

आणि ज्यांना जर्मनच शिकायची आहे त्यांच्यासाठी पीण्याच्याच रस्त्यावर एक धागा आहे. दुसऱ्या टप्प्यातले एनटीटीएफ सर्कल माहीत नसलेला रिक्षावाला इथे सापडणार नाही. ज्या संस्थेवरून ते नाव पडले ती टूलमेकर घडवणारी संस्था १९५९ मध्ये स्विस मदतीने केरळात, तलश्शेरीजवळच्या नेट्टूरला सुरू झाली. नावातला ‘एन’ त्या नेट्टूरचा. तिचे मूळ आवार म्हणजे इल्लिक्कुन्नूवरचा हर्मान गुंडर्ट यांचा बंगला. गुंडर्ट १८३६ मध्ये जर्मनीहून ख्रिस्ती धर्मप्रचारासाठी आले आणि मल्याळममध्ये इतके मुरले की त्या भाषेचे व्याकरण त्यांनी लिहिले, १८७२ मध्ये मल्याळम-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला आणि १८४७ मध्ये तिथूनच मल्याळममधले पहिले वृत्तपत्र काढले. त्यांची मुलगी मारी तलश्शेरीतच जन्मली. तिचा मुलगा हर्मान हेसे. त्याने १९२२ मध्ये ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी लिहिली आणि १९४६ मध्ये त्याला नोबेल मिळाले. ‘सिद्धार्थ’ची जर्मन साधी आहे, वाक्ये लहान आहेत. बी-टूची परीक्षा पास झालेल्या फिटरला ती शब्दकोश शेजारी ठेवून वाचता येईल, आणि हेसेने रंगवलेला बुद्ध कोसंबींच्या बुद्धाशी कुठे जुळतो आणि कुठे अजिबात जुळत नाही, हेही त्याला कुणाला न विचारता ठरवता येईल.